घेताना एकच झाड, विकताना चार



आपला माल घेणारा माणूस घेताना सगळा ढीग एकच समजतो, आणि विकताना त्याच ढिगाचे चार ढीग करतो. कापसात हे आपण पिढ्यान्‌पिढ्या भोगले. पहिल्या वेचणीचा पांढराशुभ्र कापूस आणि शेवटच्या वेचणीची कवडी एका गाडीत गेली की भाव कवडीचा लागतो. 1972 मध्ये सुरू झालेल्या कापूस एकाधिकार खरेदीच्या काळात प्रतवारीवरून केंद्राकेंद्रावर किती भांडणे झाली, ते वडीलधाऱ्यांना आठवत असेल. त्या भांडणांतून आपण निदान एवढे शिकलो की वेचणी वेगळी ठेवावी, गंजी वेगळी लावावी.

पण हेच शहाणपण धुऱ्यावरच्या झाडापाशी आले की आपण विसरतो. सागाचे झाड आपण उभे विकतो, उक्ते विकतो, एका आकड्यात विकतो. आमचे म्हणणे एवढेच आहे की झाड हा एक माल नाही. बुंध्यापासून शेंड्यापर्यंत लाकूड बदलत जाते. हा बदल ज्याला कळतो तो पैसा कमावतो. ज्याला कळत नाही तो वीस-तीस वर्षे झाड राखतो आणि शेवटी जळणाच्या भावाच्या आसपास देऊन मोकळा होतो.

आमची फजिती

दुसऱ्याला शिकवण्याआधी आमचीच गोष्ट सांगतो. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातले कोरडवाहू शेतकरी. कापूस, ज्वारी, तूर. धुऱ्यावर वडिलांच्या हातची सागाची पाच झाडे होती. बँकेचा हप्ता थकला आणि झाडे विकायची वेळ आली. लाकडाचा व्यापारी आला. त्याने बुंध्यावर नुसता हात फिरवला आणि मान वर करून शेंड्याकडे पाहत बसला. "वर फांद्या फार आहेत. गाठी निघतील. वरचे खोड वाकडे आहे. वर पांढरेच लाकूड जास्त निघणार." तो बोलत होता ते खोटे नव्हते. आम्ही माना डोलावल्या. पाच झाडांचा एक आकडा ठरला, हातावर इसार पडला.

तोडणीच्या दिवशी आमचे डोळे उघडले. आमच्याच शेतात, आमच्या डोळ्यांदेखत त्याच्या माणसांनी एकेका झाडाचे तुकडे केले आणि वेगवेगळे रचले. बुंध्याचे ओंडके एका बाजूला, मधले दुसऱ्या, वरचे तिसऱ्या, फांद्या चौथ्या. बुंध्याचे ओंडके पहिल्या गाडीत चढले आणि त्यांच्यावर ताडपत्री पडली. भाव ठरवताना त्याने शेंड्याचे दोष सांगितले. माल नेताना मात्र बुंध्याचे गुण मोजले. शेंड्याकडे बोट दाखवून त्याने बुंध्याचा भाव पाडला होता. यात त्याने फसवणूक केली असे आम्ही म्हणत नाही. त्याला झाड वाचता येत होते, आम्हाला येत नव्हते.

विक्रोळीत कळलेली गोष्ट

पुढे काही कामाने मुंबईला जाणे झाले. पुतण्या विक्रोळीच्या कन्नमवार नगरात राहतो. ही वसाहत ज्यांच्या नावाची ते मारोतराव कन्नमवार आपल्याच विदर्भातले, चंद्रपूरचे. 1962 ते 1963 या काळात ते राज्याचे मुख्यमंत्री होते. सागवानाच्या जिल्ह्यातल्या माणसाचे नाव मुंबईच्या वसाहतीला, आणि त्याच वसाहतीत आम्हाला सागवानाचा धडा मिळाला, हा योगायोगच म्हणायचा.

विक्रोळी हे नाव खेड्यापाड्यांत पोहोचले ते गोदरेजच्या कारखान्यामुळे, म्हणजे लोखंडी कपाटामुळे. लोखंडाचा पत्रा या टोकाला जसा तसाच त्या टोकाला असतो. पत्रा घेणाऱ्याला बुडखा कोणता आणि शेंडा कोणता हे विचारावे लागत नाही. लाकडाचे तसे नाही. पुतण्याच्या दाराची चौकट बदलायची होती म्हणून आम्ही एका सुताराकडे बसलो होतो. मिस्त्री मूळचे राजापूरकडचे. त्यांनी दोन फळ्या उचलल्या. आम्हाला दोन्ही सारख्याच दिसल्या. दोन्ही सागाच्या, दोन्हींची लांबी-रुंदी एक.

"काका, ही बुंध्याची आणि ही शेंड्याकडची. दोन्ही एकाच झाडाच्या असतील तरी मी एका भावात घेणार नाही."

"कशावरून ओळखता?"

त्यांनी फळीचे टोक दाखवले. एका फळीतल्या रेषा जवळजवळ सरळ, रंग एकसारखा तपकिरी. दुसरीतल्या रेषा गोल वळलेल्या, मधोमध पिठासारखा मऊ ठिपका, कडेला पांढरा पट्टा, आणि दोन ठिकाणी गाठी. "ही फळी पावसाळ्यात एकदा ओली झाली आणि उन्हाळ्यात वाळली की धनुष्य होईल. पांढऱ्या पट्ट्याला कीड लागेल. गाठीपाशी रंधा अडकेल. कोकणात नारळाचे खोड कापतात तेव्हाही हेच बघतात. खालचे, बाहेरचे लाकूड वाशाला. वरचे आणि मधले मऊ, त्याचा काही उपयोग नाही."

ज्या माणसाने आयुष्यात कधी साग लावला नाही त्याला आमच्या झाडाचे हे माहीत होते. वीस-तीस वर्षे साग राखणाऱ्या आम्हाला नव्हते.

असे का होते?

यात गूढ काही नाही. झाड वाढते कसे ते एकदा समजून घेतले की पुरते. पुष्कळांना वाटते की झाड उसासारखे खालून वर सरकते. तसे नसते. लिंबाच्या खोडाला छातीच्या उंचीवर खिळा ठोकला तर वीस वर्षांनीही तो छातीच्याच उंचीवर राहतो. उंची वाढते ती फक्त शेंड्यावर. खोड मात्र दरवर्षी सालीच्या आतून एक नवा थर अंगावर चढवते. पावसात घोंगडीची खोळ घेतो, तिच्यावर दुसरी खोळ, तिच्यावर तिसरी, अशी कल्पना करा. प्रत्येक खोळ आधीच्यापेक्षा थोडी उंच आणि बुडाशी रुंद. वीस वर्षांच्या झाडाच्या बुडाशी वीस खोळी असतात. शेंडा ज्या उंचीवर पंधराव्या वर्षी पोहोचला तेथे पाचच.

आता दुसरी गोष्ट. कोणत्याही उंचीवर खोडाच्या मध्याजवळचे पहिले काही वर्षांचे लाकूड कोवळे असते. धागे आखूड असतात. धाग्यांच्या भिंतीतले बारीक तंतू जून लाकडात जवळजवळ उभे असतात, कोवळ्यात तिरपे असतात. म्हणून कोवळे लाकूड वाळताना लांबीतही आकसते आणि फळी वाकते. बुंध्यात या कोवळ्या लाकडावर जून लाकडाचे अनेक थर चढलेले असतात. शेंड्यात जून थर चढायला वर्षेच मिळालेली नसतात. तेथे सगळे कोवळेच. झाड म्हातारे असले तरी त्याचा शेंडा तरुण असतो, असे म्हणा.

तिसरी गोष्ट गाभ्याची. सागाला किंमत आहे ती आतल्या तपकिरी गाभ्याला. वाळवी त्याला सहजी लागत नाही. बाहेरचे पांढरे लाकूड झाडाला पाणी वाहून नेते. ते टिकाऊ नसते. शेंड्याजवळ पाला आहे, पाल्याला पाणी हवे, म्हणून खोड कितीही बारीक झाले तरी पांढरा पट्टा राहतोच. बुंध्यात हा पट्टा म्हणजे ताटाची कड. शेंड्यात जवळजवळ निम्मे ताट. आणि चौथी गोष्ट गाठींची: जेथे फांदी तेथे गाठ, आणि फांद्या वर.

लाकूड उंचीप्रमाणे बदलते हे सुतारांना केव्हापासून माहीत आहे. जर्मनीत सानिओ नावाच्या शास्त्रज्ञाने 1872 मध्ये पाइनच्या झाडात धाग्यांची लांबी मोजून हे कागदावर मांडले: बुडापासून वर काही उंचीपर्यंत धागे लांब होत जातात आणि मग शेंड्याकडे पुन्हा आखूड. आपल्या गावचा सुतार चाकाच्या तुंब्याला बाभळीचा बुंधा मागायचा, फांदी चालवून घ्यायचा नाही. ज्ञान गावात होते. पण ते सुताराच्या घरात राहिले, झाडाच्या मालकाकडे आले नाही.

आकडे मांडून पाहू

नुसते बोलून भागत नाही, हिशेब करू. ओंडका मोजण्याची आपल्याकडची रीत अशी: मध्यावर घेर घ्यायचा, त्याचा चौथा हिस्सा करायचा, त्याला त्यानेच गुणायचे आणि लांबीने गुणायचे. समजा सागाचे सरळ खोड 30 फूट आहे आणि त्याचे दहा-दहा फुटांचे तीन ओंडके केले. खालच्याचा मधला घेर 4 फूट, मधल्याचा 3 फूट, वरच्याचा 2 फूट.

खालचा ओंडका: 1 गुणिले 1 गुणिले 10, म्हणजे 10 घनफूट.
मधला: पाऊण गुणिले पाऊण गुणिले 10, म्हणजे साधारण 5.6 घनफूट.
वरचा: अर्धा गुणिले अर्धा गुणिले 10, म्हणजे 2.5 घनफूट.

लांबी सारखी, पण वरच्यापेक्षा खालच्यात चौपट लाकूड. घेर निम्मा झाला की लाकूड पाव होते, ही गोष्ट डोळ्याला दिसत नाही. डोळा फक्त निम्मेपण पाहतो. आता समजा पांढरा पट्टा सगळीकडे एक इंचाचा आहे. मग खालच्या ओंडक्यात सुमारे साडेसात घनफूट गाभा निघतो, वरच्यात दीडच्याही आत. म्हणजे पाचपटीहून जास्त फरक. झाडाच्या एक तृतीयांश लांबीत निम्म्याहून अधिक माल, आणि तोच सरळ, बिनगाठीचा, फळीचा माल. झाडाची खरी किंमत खालच्या दहा-बारा फुटांत आहे.

याच हिशेबाने आणखी एक पाहा. तोडणारे वाकायचा कंटाळा करतात आणि दोन फूट खुंट सोडतात. तेथे घेर साडेचार फुटांच्या आसपास असतो. मोजा: दोन फुटांच्या खुंटात सुमारे अडीच घनफूट लाकूड राहिले. वरचा दहा फुटांचा अख्खा ओंडका जेवढा, तेवढेच! मुळालगतचे लाकूड थोडे वेडेवाकडे असते हे मान्य. तरी शेंडा जपून गाडीत घालायचा आणि बुडखा शेतात कुजत सोडायचा, हा कोणता शहाणपणा?

आणि हेही लक्षात असू द्या की चौथाई घेराच्या या रीतीत गोल ओंडक्यातल्या शंभर घनफुटांपैकी साडेअठ्ठ्याहत्तरच कागदावर येतात. चौरस कापताना कडा वाया जातात म्हणून ही सूट धरली आहे, असे सांगतात. सूट द्यायला हरकत नाही. पण आपण सूट देतो आहोत हे देणाऱ्याला माहीत असले पाहिजे.

सगळ्या झाडांना एक माप नाही

येथे एक इशारा द्यायला हवा. बुंधा तेवढा चांगला आणि शेंडा वाईट, असा सरसकट नियम आम्ही सांगत नाही. ज्वारीच्या ताटाचे पाहा. बुडखा जाड आणि टणक, पण बैल पाला आणि शेंडा खातो, बुडखे गव्हाणीत सोडतो. चाऱ्यासाठी शेंडा भारी, चुलीसाठी बुडखा. बांबूत खालचे पेर जाड भिंतीचे असते, पण वरच्या पातळ भिंतीत धागे जास्त दाट असतात. ठोस वजनाने पाहिले तर वरचा बांबू भारी. निलगिरीच्या पुष्कळ जातींत लाकूड वर जाताना हलके न होता भारी होत जाते. सागात तर वजनाचा फरक फार मोठा नसतो. तेथे फरक गाभ्याचा, गाठींचा आणि जाडीचा. म्हणून प्रश्न नेहमी असा विचारायचा: कोणत्या कामासाठी, कोणत्या झाडाचा, कोणता भाग?

विक्रोळीलाच, वसाहतीच्या पलीकडे ठाणे खाडीकडे, तिवरांचे मोठे वन आहे. तिवराच्या खोडात साग-बाभळीसारखी कडी धरून वर्षे मोजता येत नाहीत; त्याच्या लाकडात सालीसारख्या मऊ थरांचे जाळे आतपर्यंत गेलेले असते. मुंबई उच्च न्यायालयाने 2005 मध्ये कांदळवन तोडीवर राज्यभर बंदी घातली आणि 2018 च्या निकालाने ती कायम केली. त्या झाडाचे मोल लाकडात नाही, किनारा राखण्यात आहे. पण गंमत पाहा. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम 1964 च्या अनुसूचीत खाडीतले तिवर आणि आपल्या धुऱ्यावरचा साग एकाच यादीत शेजारी बसले आहेत. एक निसर्गाने लावलेले, दुसरे आपल्या बापाने पाणी घालून वाढवलेले. बांबूला 2017 मध्ये वन कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतून बाहेर काढले तेव्हा, शेतात लावलेले आणि रानात उगवलेले यांत फरक असतो, हे सरकारने एकदा मान्य केलेच आहे.

वीस वर्षांत लखपती

याच ठिकाणी आणखी एका धंद्याबद्दल सांगणे भाग आहे. 1990 च्या दशकात सागवान लागवडीच्या कंपन्यांचे पेव फुटले होते. आज रोपाचे पैसे भरा, वीस वर्षांनी लाखो घ्या. अशा सामूहिक गुंतवणूक योजनांना आवर घालण्यासाठी सेबीला 1999 मध्ये नियम करावे लागले, तोवर पुष्कळांचे पैसे बुडाले होते. आजही कोणी रोपे विकायला आला की तोच हिशेब मांडतो: जुन्या सागाचा आजचा भाव गुणिले झाडांची संख्या.

या हिशेबात खोट कोठे आहे हे आता आपल्याला कळते. बाजारात जो भाव ऐकतो तो जून, जाड, गाभा भरलेल्या ओंडक्याचा. 2023 मध्ये अयोध्येच्या मंदिरासाठी चंद्रपूर-गडचिरोलीचे सागवान बल्लारपूरहून गेले, त्याचे फोटो सर्वांनी पाहिले. तसा ओंडका बारा-पंधरा वर्षांच्या झाडात कोठून येणार? त्या वयाचे झाड बुंध्यापासून शेंड्यापर्यंत बहुतांश कोवळे आणि पांढऱ्याचा वाटा मोठा. ते लाकूड टाकाऊ नाही. त्याला त्याचा भाव आहे. पण तो भाव जून बुंध्याचा नाही. शेंड्याचा माल दाखवून बुंध्याचा भाव पाडणारा व्यापारी, आणि बुंध्याचा भाव दाखवून शेंड्याचा माल गळ्यात मारणारा रोपवाला, दोघेही आपल्या एकाच अज्ञानावर जगतात.

मग करायचे काय?

वनविभाग स्वतःचे सागवान डेपोत लिलावाला काढतो तेव्हा घेर, लांबी आणि प्रत पाहून वेगवेगळे लाट लावतो. सरकारला आपला माल वेगळा लावून विकणे फायद्याचे वाटते, तर आपल्याला का वाटू नये?

पहिली गोष्ट, झाड विकायच्या आधी मोजा. छातीच्या उंचीवरचा घेर, सरळ खोडाची उंची, पहिली फांदी किती फुटांवर आहे, हे वहीत लिहा. वही घेऊन बसलेल्या माणसाशी व्यापारी वेगळे बोलतो, हा आमचा नंतरचा अनुभव आहे.

दुसरी, उभे झाड उक्ते देऊ नका. परवानगी काढून तोड झाल्यावर ओंडक्यावर सौदा करा. बुंधा, मधला, शेंडा, जळण असे चार भाव मागा. एका गावातल्या पाच-सात जणांनी एकाच वेळी परवानगी काढली तर बुंध्यांचा एक लाट उभा राहील आणि गिऱ्हाईक बाहेरून येईल.

तिसरी, झाड लहान असतानाच खालच्या दहा-बारा फुटांतल्या फांद्या बोटाएवढ्या असताना छाटा. आज कापलेली बोटभर फांदी म्हणजे वीस वर्षांनी वाचलेली मूठभर गाठ.

चौथी, गरज नसेल तर शेवटची काही वर्षे घाई करू नका. त्या वर्षांत बुंध्यावर चढणारा प्रत्येक थर जून लाकडाचा असतो. आम्हाला ठाऊक आहे, गरज कोणाची वाट पाहत नाही. हप्ता थकला की झाड तोडावे लागते, आमचेही तेच झाले. म्हणून पाचवी गोष्ट सरकारला: मालकीच्या झाडाची परवानगी आणि वाहतूक पास वेळेत आणि सरळपणे मिळाला तर शेतकरी स्वतः ओंडका बाजारात नेईल. तो कागद मिळवण्याची दगदग नको म्हणूनच तो आज झाड उभे विकून टाकतो. कागदाच्या त्या दगदगीची किंमत शेवटी आपल्या बुंध्यातूनच वसूल होते.

ज्या बोलण्याला शेंडा ना बुडखा ते बोलणे निरर्थक, असे आपण म्हणतो. ज्या सौद्यात शेंडा कोठे संपतो आणि बुडखा कोठे सुरू होतो हे विचारले जात नाही, तो सौदाही तसाच. आमची पाच झाडे गेली. खुंट अजून धुऱ्यावर आहेत, दोन-दोन फुटांचे. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकाने आपल्या धुऱ्यावरच्या एका तरी झाडाचा घेर मोजून, लिहून आणावा. तेथून सुरुवात करू.